नाबोथाची वाडी

"धर्मशिक्षणाच्या वर्गात राजकारण नको हं, टीचर." गेल्या 28 वर्षांत हे मला पालकांनी सांगितलं, पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनी सांगितलं. एकदा मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या पायरीवर एका वयस्कर काकांनी हात धरून सांगितलं. काकांच्या बोलण्यात दटावणी नव्हती, काळजी होती. त्यांच्या आळीत निवडणुकीवरून दोन भावांचं बोलणं बंद झालं होतं, आणि आईच्या मयताला ते दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभे राहिले होते. काकांनी ते पाहिलं होतं.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. रविवारच्या मिस्सानंतर नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. काकांची काळजी मला मनापासून पटते, तरी मी राजकारण वर्गात आणते, कारण मी आणलं नाही म्हणून ते यायचं राहत नाही. मुलांच्या खिशातून ते येतच असतं. मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस आळीच्या ग्रुपवर काय काय फिरतं ते आपण सगळे बघतो. हा आपला माणूस, तो आपल्या धर्माच्या मुळावर उठलेला, अमक्याला मत दिलंत तर बघा हं. ही पोरं अठराची होईपर्यंत हेच वाचत मोठी होतात. आम्ही शिकवणारे गप्प राहिलो तरी त्यांची शिकवणी चालूच असते.

माझ्या पिढीचं नशीब थोर, की आम्हाला हे शिकवणारा माणूस मिळाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 मध्ये 'सुवार्ता' मासिकाचे संपादक झाले. आमच्या घरी तो अंक यायचा आणि आजीला मी वाचून दाखवायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईची हिरवी जमीन बांधकामांसाठी खुली होऊ लागली. बागायतीच्या विहिरींचं पाणी रात्रंदिवस टँकरमधून नव्या इमारतींकडे निघालं. त्याच्या जोडीला दहशत होती. संध्याकाळी कोणाच्या नावाने काय बोलायचं, याचा विचार करून लोक बोलायचे. अशा दिवसांत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर तिच्या पुढे होते. मी कॉलेजात होते. आजी लाल लुगडं नेसून मोर्चाला आली होती. तिच्या आयुष्यातला तो पहिला मोर्चा. शेजारी देवळात जाणाऱ्या बाया होत्या, त्यांनी आजीला मध्ये घेतलं होतं, गर्दीत धक्का लागू नये म्हणून.

त्या आंदोलनात आमची बहुतेक माणसं ख्रिस्ती असूनही प्रश्न कधी 'ख्रिस्ती लोकांची जमीन' असा मांडला गेला नाही. प्रश्न वसईच्या पाण्याचा होता. विहीर मचूळ झाली तर ती मिस्साला जाणाऱ्याचीही मचूळ आणि आरतीला जाणाऱ्याचीही. हा फरक तेव्हा मला कळला नव्हता. बराच पुढे, एक चूक करून मगच कळला.

ती चूक 2009 ची. त्या वर्षी 3 जुलैला वसई-विरार महापालिका अस्तित्वात आली. 4 नगरपालिका आणि 53 गावं एका दावणीला बांधली गेली आणि गावं पेटून उठली. आपली ग्रामपंचायत जाणार, कर वाढणार, वाड्यांवर इमारती येणार, अशी भीती घराघरात होती. ती खोटी नव्हती. ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत आंदोलनाने पाठिंबा दिलेले विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. त्या दिवसांत गावात जे वारं होतं ते मी पुन्हा कधी अनुभवलं नाही. त्या वाऱ्यात मी वर्गात उभी राहून म्हटलं, "जो आपला आहे, तो यंदा एकाच बाजूला असेल."

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली. तिचे वडील दुसऱ्या बाजूचं काम करत होते. मला ते ठाऊक होतं, बोलताना आठवलं नाही एवढंच. ती तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी मी तिच्या घरी गेले. आईने चहा दिला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, लेकीचा विषय काढलाच नाही. निघताना फाटकाशी वडील भेटले. म्हणाले, "टीचर, मत कोणाला द्यायचं ते माझं मी बघीन. पण माझी पोरगी त्या दिवशी घरी येऊन विचारत होती, आपण आता चर्चमधले नाही का?"

मी तिथेच माफी मागितली. ती पुढच्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, तयारीसाठी आली, दुसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात.

त्या फाटकापासून घरापर्यंत चालत येताना मला माझ्या जागेची भीती वाटली. शिक्षक जेव्हा क्रुसाखाली उभा राहून एखाद्या उमेदवाराचं नाव सुचवतो, तेव्हा समोरच्याला ते मत वाटत नाही, धर्म वाटतो. वेदीजवळ सगळे एकाच रांगेत येतात, आणि मी त्या रांगेतून एका मुलीला बाजूला काढलं होतं.

नंतर मी नियम वाचले. आधी वाचायला हवे होते. कॅथलिक चर्चची 1983 ची धर्मसंहिता सांगते की धर्मगुरूंनी सरकारी सत्तेची पदं घेऊ नयेत आणि पक्षांच्या कामात सक्रिय होऊ नये. सामान्य ख्रिस्ती माणसावर हे बंधन नाही. उलट जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच राजकारणाला कठीण पण उदात्त कला म्हटलं आणि ज्यांच्या अंगी ती असेल त्यांनी तिची तयारी करावी असं सांगितलं. म्हणजे फादरांनी प्रवचनातून पक्ष सांगायचा नाही, आणि आम्ही प्रवचन संपलं म्हणून हात झटकायचे नाहीत. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. धर्माच्या नावाने मत मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने गैरप्रकार आहे. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या 1990 च्या निवडणुकीतून निघाला होता. शिवाय 1988 च्या एका कायद्याने प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला बंदी आहे. मी मुलांना हे सगळं सांगते. कायद्याचा धाक घालण्यासाठी नाही. 'आपल्या माणसाला मत द्या' असा निरोप आळीच्या ग्रुपवर आला की तो वाचताना कुठेतरी अडखळायला झालं पाहिजे, म्हणून.

आणि मग आम्ही नाण्याचा धडा घेतो. मार्कच्या 12 व्या अध्यायात येशूला विचारतात, कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही? तो नाणं मागवतो आणि विचारतो, हे चित्र कोणाचं? मी मुलांना खिशातलं नाणं काढायला सांगते. हल्ली निम्म्यांकडे नाणं नसतंच, मोबाईल असतो, त्यामुळे मीच पर्समधून वाटते. एका वर्षी एका मुलाने नाणं खिडकीशी नेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "टीचर, यावर राजाच नाही." चार सिंहांचा स्तंभ होता, खाली 'सत्यमेव जयते'. मी विचारलं, मग आपला कैसर कोण? प्रधानमंत्री, राष्ट्रपती, कलेक्टर, नगरसेवक, सगळी नावं येऊन गेली. मागच्या बाकावरची एक मुलगी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलं पान आठवून म्हणाली, "आम्ही भारताचे लोक." वर्ग हसला. मी हसले नाही, मला एकदम काहीतरी उलगडल्यासारखं झालं.

प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं तेव्हा ते वाचणाऱ्यांपैकी एकालाही सम्राट निवडता येत नव्हता. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे 13 व्या अध्यायातलं वाक्य त्या माणसांना लिहिलेलं आहे. आमच्या वर्गातली मुलं तीन वर्षांनी बोटाला शाई लावून त्याच अधिकाराचा एक कण स्वतः चालवणार आहेत. तो अध्याय फक्त 'गप्प राहा' एवढ्यासाठी वाचला, तर आपण अर्धाच वाचला. त्याच अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलंय, आणि सेवकाने काय काम केलं ते विचारावं लागतं. येशूचा शिष्य पेत्र याने न्यायसभेपुढे सांगितलं होतं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ही दोन्ही वाक्यं एकाच बायबलात आहेत, आणि शिकवणाऱ्याने एक झाकून दुसरं वाचू नये.

राज्यकर्ता आपल्या धर्माचा असला म्हणजे सगळं ठीक, हा भ्रम वसईत तरी टिकायला नको. इथे 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. आमच्या पूर्वजांचा धर्म आणि राजाचा धर्म तेव्हा एक झाला. त्या काळात आमच्या शेजाऱ्यांची देवळं पाडली गेली, हे मी मुलांना सांगते. सांगताना जड जातं, पण सांगते. आणि लगेच पंडिता रमाबाईंचं सांगते. 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. पुढे 1897 च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून इंग्रज सरकारला जाब विचारला. सरकार त्यांच्याच धर्माच्या लोकांचं होतं. त्या स्त्रियांचे हाल रमाबाईंच्या दृष्टीने त्याहून मोठे होते.

पण ज्या गोष्टीपाशी मी दरवर्षी थांबते, दोन-दोन रविवार थांबते, ती नाबोथाची. पहिल्या राजे ग्रंथाचा 21 वा अध्याय. बायबलात 'द्राक्षमळा' आहे, मी वर्गात 'वाडी' म्हणते. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाची वाडी आहे. राजाला तिथे भाजी लावायची आहे. बदल्यात याहून चांगली वाडी देतो म्हणतो, नाहीतर रोख पैसे. भाव वाईट नाही. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं आहे, देणार नाही. राजा घरी येतो, तोंड फिरवून पलंगावर पडतो, जेवत नाही. मग ईजबेल राणी राजाच्या मोहरेने पत्रं लिहिते. गावात उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे बसवा, दोन खोटे साक्षीदार आणा, त्यांनी म्हणावं की याने देवाला आणि राजाला शाप दिला. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारतात. राजा वाडी बघायला उतरतो.

वसईच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वाड्याला लागूनची जमीन, चांगला भाव, मोहोर लावलेले कागद, हे त्यांनी रात्रीच्या जेवणावर ऐकलेलं असतं. मुलं संतापतात. अहाब कोण, हे त्यांना लगेच ठाऊक असतं, नावंही घेतात. मी थांबवत नाही. तो राग मला पवित्र वाटतो. 2021 च्या जुलैत वर्ग मोबाईलवर चालायचा. त्या आठवड्यात फादर स्टॅन स्वामी वांद्र्याच्या इस्पितळात वारले होते, 84 व्या वर्षी, खटला सुरू होण्याआधीच, कोठडीत. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं. एका मुलीने फक्त चॅटमध्ये लिहिलं, "देवाला आणि राजाला शाप दिला असा आरोप." मी म्हटलं, न्यायालयाने काहीच ठरवलेलं नाही, त्यामुळे आपणही निकाल देऊ नये, पण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. प्रार्थनेला सगळ्यांचे कॅमेरे चालू झाले. वर्षभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या रविवारी मी तोच अध्याय पुन्हा उघडायला लावते आणि एकच विचारते: नाबोथाला मारलं कोणी? मुलं म्हणतात राजाने, राणीने. मी म्हणते, अकरावी ओवी वाचा. तिथे लिहिलंय की नाबोथाच्याच गावच्या वडीलधाऱ्यांनी, प्रतिष्ठितांनी, पत्रात होतं तसं केलं. राजवाड्यातून कोणी तलवार घेऊन आलं नाही. गावाने उपास केला, प्रार्थनेसाठी लोक जमवले, आणि त्या प्रार्थनेच्या सभेतच शेजाऱ्याचा काटा काढला. हे वाचून झालं की खोली शांत होते. काही वर्षांपूर्वी अशाच शांततेत एक मुलगा म्हणाला होता, "टीचर, आमच्या विहिरीचं पाणी टँकरला आजोबांनीच दिलं होतं."

मी त्याला काही बोलले नाही. काय बोलणार होते? टँकरवाले आकाशातून पडले नव्हते. विहिरी आमच्या होत्या. जमिनीही काही जबरदस्तीने गेल्या, काही आम्ही विकल्या, आणि विकताना प्रत्येकाच्या घरी खरी अडचण होती: लग्न, आजारपण, दुबईचं तिकीट. आम्ही नाबोथ आहोत हे आम्हाला पाठ आहे. आम्ही त्या गावचे वडीलधारेही आहोत, हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, श्रद्धेने राजकारणात उतरायला शिकवणं म्हणजे मुख्यतः हेच शिकवणं. 'आमचं काय' हा प्रश्न माणूस न शिकवताही विचारतो. 'ही वाडी कोणाची होती' हे विचारायला शिकवावं लागतं, त्यातही आपण वाडीत उभे असताना.

याच तालुक्यात 1982 मध्ये श्रमजीवी संघटना सुरू झाली ती आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यासाठी. ज्या विवेक पंडितांना गावांनी 2009 मध्ये डोक्यावर घेतलं, त्यांच्या कामाची सुरुवात तिथली. आमच्या गावांत ते क्वचितच आठवतात. आमच्या वाड्यांत आजही पाड्यावरच्या बाया कामाला येतात, सकाळी सातला, डोक्यावर टोपली घेऊन. मुलं त्यांना नावाने ओळखतात.

मुलांना योथामाची गोष्टही आवडते. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल सगळे नको म्हणतात, कारण प्रत्येकाला आपलं फळ सोडवत नाही. शेवटी काटेरी झुडूप हो म्हणतं. आमची मुलं त्याचं नाटक करतात तेव्हा नको म्हणायला नारळ, केळ आणि पानवेल असते. आमच्यातले किती शिकलेले, सरळ लोक वॉर्डसभेलाही जात नाहीत, ते मोजायला मग मला वेगळं बोलावं लागत नाही.

फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा एक धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर कशाला, असाही सूर निघाला होता. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी पाऊस होता आणि माझ्या वर्गातली मुलं, ज्यांनी त्यांना मोर्चात कधी पाहिलं नव्हतं, मला विचारत होती की टँकर म्हणजे नेमकं काय झालं होतं.

चार महिन्यांत विधानसभेची निवडणूक आली. मतदान 20 नोव्हेंबरला होतं. त्याआधीच्या रविवारी मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: घरी मत मागायला येणाऱ्याला काय विचाराल? उमेदवाराला चर्चच्या आवारात बोलवायचं नाही, हे मुलांना माहीत होतं. प्रश्न घरी न्यायचे होते, आईबापांना द्यायचे होते. खडू हातोहात फिरला. पाणी रोज का नाही? 2015 नंतर महापालिकेची निवडणूकच झाली नाही, मग नगरसेवक कुठे? पावसाळ्यात गाव का बुडतं? चर्चच्या जमिनींचं काय? अकरा प्रश्न झाले. चांगले होते.

मी म्हटलं, आता नाबोथ डोक्यात ठेवून पुन्हा वाचा. बराच वेळ कोणी उठलं नाही. बाहेर दहाच्या मिस्साची घंटा झाली, पंख्याखाली वह्यांची पानं उडत होती. मग एक मुलगा उठला. बागायतदाराचा. वर्षभरात तो वर्गात फारसा बोललेला नव्हता. फळ्यावर जागा उरली नव्हती, म्हणून अगदी खाली, वाकून, त्याने बारीक अक्षरात लिहिलं: आमच्या वाडीत येणाऱ्या बायांना दिवसाचे किती देतात?

लिहून झाल्यावर तो फळ्याकडे बघत राहिला, हातातला खडू खाली ठेवेना.

"टीचर," तो म्हणाला, "पण हा उमेदवाराला नाही विचारता येणार. हा पप्पांना विचारायला लागेल."